गणपतीच्या देखाव्यातला केदारनाथ: बर्फ खरा कसा दिसेल

घरच्या गणपतीला केदारनाथचा देखावा करणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि देऊळ बरेच जण फार सुंदर करतात, पुठ्ठ्यावर एकेक दगड कोरलेला, वर कळस, समोर नंदी, सगळं मापात. आणि मग आदल्या रात्री घाईघाईत त्यावर कापूस पसरतात आणि इतके दिवसांची मेहनत त्या कापसाखाली जाते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण केदारनाथच्या देखाव्यात निम्मं काम बर्फाचं आहे, ते शेवटी उरकायचं नसतंच. म्हणून फक्त बर्फाबद्दलच लिहितेय, देऊळ कसं करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. मापं मी १:७२ धरून देतेय म्हणजे माणूस साधारण सव्वादोन-अडीच सेंटीमीटर उंच. मॉडेल रेल्वेवाले १:८७ वर करतात किंवा कोणी सैनिकांचे सियाचीनचे सीन करतात त्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे, फक्त आकडे बदलून घ्यायचे.

सामान आणायला बाजारात जायच्या आधी एक ठरवा, की तुमच्या देखाव्यात बर्फ कुठे कुठे नाहीये. हे उलटं वाटेल पण खरा बर्फ असाच ओळखू येतो. तो वरून पडतो त्यामुळे वर तोंड असलेल्या पृष्ठभागावर बसतो आणि उभ्या भिंतीवर, सज्जाच्या खाली, कमानीच्या आत बसत नाही. साधारण ६० अंशांपेक्षा जास्त उभ्या उतारावरही तो फारसा टिकत नाही, घसरून खाली जातो, म्हणून एवढ्या बर्फातसुद्धा कडे काळेच दिसतात. मग वारा त्याला उचलतो, वाऱ्याकडची बाजू साफ करतो आणि आडोशाला नेऊन ढीग लावतो. आणि शेवटी ऊन त्याला खातं, एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी. उतार, वारा आणि ऊन या तिघांना विचारून बर्फ ठेवला तर साधी रांगोळीसुद्धा बर्फ दिसते, आणि न विचारता ठेवला तर परदेशातून मागवलेली महागडी पावडरसुद्धा नुसती पावडरच दिसते.

केदारनाथपुरतं बोलायचं तर काळ ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. देवळाचे दरवाजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात, मग देवाची पालखी खाली उखीमठला जाते आणि हिवाळाभर पूजा तिथे होते. त्यामुळे कमरेएवढा बर्फ, छपरांवर जाड थर आणि देवळासमोर यात्रेकरूंची रांग असं एकत्र दाखवलं की माहितगार माणसाला लगेच खटकतं. भर हिवाळा करायचा असेल तर दरवाजा बंद, माणसं जवळजवळ नाहीत, पावलांचे ठसे नाहीत, बर्फ सलग आणि गुळगुळीत. यात्रा दाखवायची असेल तर दरवाजे उघडतानाचे दिवस घ्या, एप्रिल अखेर ते मेची सुरुवात, तेव्हा पुष्कळदा बर्फ असतो पण वाट फावड्याने खणून काढलेली असते, दोन्ही बाजूंना मळकट ढीग, मधे ओली फरशी. मला स्वतःला हा दुसरा काळ जास्त आवडतो, त्यात करण्यासारखं खूप आहे आणि देखाव्यात माणसं असली की घरी येणारे लोक जास्त वेळ थांबून बघतात.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे २०१३ च्या जूनमधल्या पुराच्या आधीचं केदारनाथ करताय की नंतरचं. आधी देवळाला चिकटून दुकानं आणि धर्मशाळांच्या अरुंद गल्ल्या होत्या, आता समोर रुंद मोकळा रस्ता आणि चौक आहे आणि देवळाच्या मागे ती भीमशिला, जिच्यामुळे पुराचा लोंढा दोन बाजूंना फुटला. ती शिळा बर्फासाठी फार छान जागा आहे, तिच्याकडे पुढे येतेच. दुसरी गोष्ट झाडं. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, तिथे देवळाभोवती देवदार-चीड काही नाही, गवत आणि दगडच. तयार मिळणारी ख्रिसमसची झाडं देवळाशेजारी लावू नका, लावायचीच असतील तर पायवाट खाली गौरीकुंडाकडे जाते त्या टोकाला लावा.

आता स्केल. दोन फूट बर्फ म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर, त्याला ७२ ने भागलं की आठ मिलिमीटर. एक फूट बर्फ म्हणजे चार मिलिमीटर. म्हणजे इंचभर जाड कापूस पसरला तर तुम्ही सहा फूट बर्फ दाखवताय, दरवाजा पुरलाच. कणांचं तर अजूनच अवघड आहे, बर्फाची पाकळी दोन-चार मिलिमीटरची धरली तर आपल्या मापात ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जाते, डोळ्याला दिसणारच नाही. मिठाचा कण पाव ते अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे देखाव्यातल्या माणसाच्या मानाने दोन-तीन सेंटीमीटरची खडी. म्हणून मीठ, साखर, साबुदाणा, थर्माकोलचे मणी यातलं काही चालत नाही, जे काही वापराल ते वस्त्रगाळ पाहिजे.

सामानात माझी पहिली पसंती साधी पांढरी रांगोळी, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय. ती दगडाची पूड असते, शिरगोळा, डोलोमाइट नाहीतर संगमरवर, त्यामुळे भाद्रपदातल्या दमट हवेत ओलावा ओढत नाही, पिवळी पडत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत. वर तिला स्वतःची थोडी चमक असते जी बर्फाला शोभते. फक्त बाजारातली रांगोळी भरड असते, ती मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायची, खाली पडेल ती वरच्या थराला आणि फडक्यात राहील ती खालच्या थराला, काही वाया जात नाही. घेताना चिमूटभर हातावर घेऊन बघा, राखाडी किंवा पिवळट झाक असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

खायचा सोडा इंटरनेटवर सगळीकडे सांगतात, कारण तो बारीक असतो, पांढरा असतो आणि घरात असतो. फोटो काढून लगेच झाडून टाकायचं असेल तर उत्तम आहे. पण गोंदाबरोबर कायमचा बसवला की काही महिन्यांनी पिवळट दिसायला लागतो, पावसाळ्यात गुठळ्या होतात आणि धातूच्या भागांना, रंगाला त्याच्यातल्या क्षारांचा त्रास होतो. दहा दिवसांचा देखावा असेल तर चालवून घ्या, वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर नको.

ताज्या भुसभुशीत बर्फासाठी ग्लास मायक्रोबलून म्हणून एक पावडर येते, काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे, फायबरग्लासचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. याच्याइतका सुंदर ताजा बर्फ दुसऱ्या कशाचा होत नाही असं माझं मत आहे. पण ती इतकी हलकी असते की डबा उघडला तरी उडते, आणि फुप्फुसात जाणं अजिबात चांगलं नाही, त्यामुळे एन-९५ मास्क लावूनच, पंखा बंद करून, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवूनच काम करायचं. रांगोळी चाळतानाही मास्क हवाच. नकली बर्फाची धूळ हलक्यात घेऊ नये, १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये बर्फ म्हणून चक्क पांढरं अॅस्बेस्टॉस उधळायचे आणि ख्रिसमसच्या सजावटीसाठी घरोघरी पाकिटातून विकायचे, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं.

डायपरमधली पावडर पाणी टाकून फुगवतात तो इन्स्टंट स्नो मुलांना दाखवायला मजेचा आहे पण वाळला की आक्रसतो आणि तोवर खालचा पुठ्ठा भिजवून ठेवतो. आणि कापूस तर नकोच. त्याचे धागे या स्केलला दोरखंडाएवढे दिसतात हे एक, आणि समईच्या, निरांजनाच्या शेजारी कापसाचा डोंगर म्हणजे आगीला आमंत्रण हे दुसरं, आणि ते जास्त महत्त्वाचं.

बेससाठी थर्माकोल विसरा, २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली त्यात सजावटीचं थर्माकोलही आलं. जाड पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या कापून सांगाडा करा, त्यावर पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी, त्यावर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे तीन-चार थर. मैद्याच्या खळीने चिकटवणारे असाल तर पावसाळ्यात बुरशी येते, पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात ते त्याच्यासाठीच, पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर सरळ फेविकॉलच वापरा. महत्त्वाचं हे की बर्फाची जाडी आणि उंचसखलपणा याच टप्प्यावर पुठ्ठ्यात आणि कागदात आणायचा. दोन फूट बाय दोन फूटच्या बेसवर तीन मिलिमीटरचा थर द्यायचा म्हटलं तरी लिटरभर माल लागतो, दीड-दोन किलो वजन वाढतं, मग अख्खा उंचवटा पुट्टीने भरायला गेलात तर तो देखावा उचलायला माणसं बोलवावी लागतील आणि वाळायला आठवडा जाईल.

सांगाडा खडखडीत वाळला की आता बर्फ विसरून जा आणि सगळं रंगवा, जणू उन्हाळ्याचाच देखावा करताय. दगड राखाडी आणि तपकिरी, जमीन मातकट, वाळलेलं पिवळं गवत, फरशीच्या भेगा. बरेच जण म्हणतात वर बर्फच येणार आहे तर रंगवायचं कशाला, पण बर्फाच्या कडेला जिथे जमीन डोकावते तिथेच बघणाऱ्याची नजर जाते, आणि तिथे पांढरा पुठ्ठा दिसला की संपलं.

यानंतर बर्फाची पेस्ट. व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी चार भाग, फेविकॉल एक भाग, थोडा पांढरा अॅक्रिलिक रंग आणि पाणी हळूहळू घालत श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. त्यात कपड्याच्या निळीचे एक-दोन थेंब, पावभर पेस्टला एवढेच, जास्त नाही. निळीने गोंदाचा आणि पुट्टीचा पिवळेपणा मरतो आणि बर्फाला जी थंड झाक लागते ती येते. सावलीतला बर्फ खरोखरच निळसर दिसतो, कारण त्याच्यावर सूर्याचा नाही तर आकाशाचा उजेड पडत असतो, त्यामुळे देवळाच्या मागच्या बाजूला लावायच्या पेस्टमध्ये अजून एक थेंब चालेल. हातमोजे घाला, व्हाइट सिमेंटने कातडी खरखरीत होते.

पेस्ट जुन्या ब्रशने आणि पॅलेट नाइफने लावायची, आणि लावताना प्रत्येक वस्तूजवळ थांबून विचार करायचा. वारा कुठून येतोय ते एकदा ठरवून बेसच्या कडेला पेन्सिलने बाण काढून ठेवा, नाहीतर एका दगडामागे डावीकडे ढीग आणि दुसऱ्यामागे उजवीकडे असं होतं. भीमशिलेच्या वाऱ्याकडच्या पायथ्याशी बर्फ टेकत नाही, तिथे एक खोलगट चर पडतो कारण वारा तिथे आपटून खाली वळतो, आणि मागच्या बाजूला लांब निमुळता होत जाणारा ढीग पडतो. माथ्यावर जाड टोपी बसते, तिची कड थोडी बाहेर लोंबते आणि गोल असते. एवढी एक शिळा नीट केली तरी बघणारा म्हणतो की हे बर्फच आहे. नंदीच्या पाठीवर, वशिंडावर आणि डोक्यावर पातळ थर, पोटाखाली काही नाही. पायऱ्यांवर प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात जास्त आणि कडेला कमी, कारण कडेचा बर्फ पायांनी आणि वाऱ्याने जातो.

छपरांचं वेगळं आहे. आजूबाजूच्या लॉजच्या उतरत्या पत्र्यांवर बर्फ कायम टिकत नाही, अख्खी लादी एकदम घसरते. म्हणून पत्र्याच्या वरच्या अर्ध्यात बर्फाचा थर, त्याची खालची कड तुटल्यासारखी वाकडीतिकडी, खालचा अर्धा पत्रा उघडा आणि ओला, आणि बरोबर वळचणीखाली जमिनीवर ढेकळांचा लांबट ढीग असं करा. एकाच घरावर करा, सगळ्यांवर नको. देवळाचं छप्पर दगडी, तिथे थर शांत आणि सलग ठेवा.

खणलेल्या वाटेसाठी पेस्ट ओली असतानाच दोन्ही बाजूंच्या कडा सुरीने उभ्या कापा, फावड्याने कापलेला बर्फ उभाच राहतो. त्या उभ्या कापावर दोन-तीन पुसट आडव्या मळकट रेघा ओढा, एकेका बर्फवृष्टीनंतर मधे बसलेली धूळ तशी दिसते. बाजूला टाकलेला बर्फ ढेकळाढेकळांचा करा, त्यासाठी वाळलेल्या पेस्टचे तुकडे कुस्करून वापरले की झालं. पावलांचे ठसेही याच वेळी उठवा, पाऊल साधारण साडेतीन मिलिमीटर लांब येतं, काडेपेटीच्या काडीचं टोक थोडं तासून घ्या. ठसे कुठून तरी येऊन कुठेतरी गेले पाहिजेत, दुकानापासून पाण्यापर्यंत, पायरीपासून दारापर्यंत, मधेच सुरू होऊन मधेच संपले तर फार विचित्र दिसतं.

आता पेस्ट पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात एक अख्खा दिवस तरी, पंखा लावून. मग चाळायचं काम, आणि मला सगळ्यात जास्त आनंद यातच मिळतो. फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात चमचाभर पांढरा रंग म्हणजे गोंद पारदर्शक राहत नाही आणि खालचं काळं दिसत नाही, आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब म्हणजे गोंद थेंबाथेंबाने गोळा न होता पसरतो. हे मिश्रण बर्फ हवा तिथेच ब्रशने लावा. चहाच्या गाळणीवर मलमल ताणून त्यातून रांगोळी वरून चाळा, फूटभर उंचीवरून, बोटाने गाळणीला टिचक्या मारत. देखावा जसा उभा राहणार आहे तसाच ठेवून चाळायचं, तिरका करायचा नाही, मग पूड आपोआप तिथेच बसते जिथे आकाशातून पडणारा बर्फ बसला असता. वाऱ्याकडून हलकेच फुंकर मारली किंवा हेअर ड्रायर थंड आणि कमी स्पीडवर लांबून फिरवला तर आडोशाला थोडी गोळा होते, तीही खरी वाटते. एक थर, वाळवा, सैल पूड झटकून परत डब्यात, मग दुसरा थर. दोन-तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी चांगले, जाड थराला वरून पापुद्रा येतो आणि आतली पूड सुटी राहते.

घरात छताचा पंखा फिरणार असतो त्यामुळे शेवटचा थर पक्का करावाच लागतो. एक भाग फेविकॉल चार भाग पाणी, बारीक फवारा मारणाऱ्या बाटलीत. बाटलीचं तोंड देखाव्याकडे रोखू नका, खड्डे पडतात. देखाव्याच्या वर हवेत फवारा मारायचा आणि धुकं खाली बसू द्यायचं. मायक्रोबलूनचा थर द्यायचा असेल तर तो या सगळ्याच्या शेवटी, फक्त माथ्यांवर, थोडासा, आणि त्यावर पुन्हा तेच धुकं. ग्लिटर टाकू नका, या स्केलला ग्लिटरचा एक कण म्हणजे रस्त्यात पडलेली आरशाची काच.

कडांवर मात्र जितका वेळ द्याल तितका कमी. वितळणाऱ्या बर्फाची कड पातळ होत होत संपते आणि तिच्या लगेच बाहेर जमीन ओली, गडद असते. बर्फाच्या कडेलगत दोन-तीन मिलिमीटर जमिनीला गडद तपकिरी पाणीदार रंग, वाळल्यावर त्यावर ग्लॉस वार्निशचा हात, एवढंच करायचं आहे, पण यासारखा परिणाम दुसऱ्या कशाने होत नाही. दगडी भिंतींवर छपराखाली ओघळाच्या गडद रेषा काढा. काळे दगड उन्हात तापतात आणि त्यांच्याभोवतीचा बर्फ आधी जातो, त्यामुळे उन्हाकडच्या लहान दगडांभोवती अंगठीसारखी गोल मोकळी जागा ठेवा. आणि ऊन कुठून येतं? केदारनाथचं देऊळ दक्षिणाभिमुख आहे, डोंगर मागे उत्तरेला. म्हणजे देवळाचा दर्शनी भाग आणि चौक आधी मोकळा होतो, मागच्या भिंतीच्या सावलीत बर्फ जास्त दिवस राहतो. सुदैवाने आपल्याला देखाव्यातही समोरून देऊळ दिसायला हवंच असतं, त्यामुळे समोर कमी आणि मागे जास्त बर्फ हे आपल्या सोयीचं आहे आणि खरंही आहे. चालवाटेवरचा बर्फ पांढरा ठेवू नका, पातळ राखाडी-तपकिरी रंगाचा हात फिरवा, यात्रेच्या वाटेवर खेचरं चालतात, तिथला बर्फ मळणारच.

पागोळ्या गोठून ज्या लोंबत्या सुळ्या होतात त्यांच्यासाठी पारदर्शक बॉलपेनची बाहेरची कांडी घ्या. खिडकी उघडी ठेवून मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, गोल फिरवत गरम करा आणि मऊ झाली की दोन्ही हातांनी हळू ओढा, केसासारखा टोकदार धागा निघतो. त्याचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे करायचे, म्हणजे खऱ्या मापात आठ इंच ते दीड फूट. ग्लॉस वार्निशने किंवा पारदर्शक क्राफ्ट ग्लूने वळचणीला चिकटवा, सुपरग्लूने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट झाक येते. सगळ्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या अंतरावर लावू नका, दोन जवळ, एक लांब, एक तुटलेली. लागतात कुठे तर जिथे वर बर्फ आहे आणि ऊनही लागतं तिथेच, दिवसा वितळून ओघळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं म्हणून, कायम सावलीतल्या वळचणीला जवळजवळ नसतात. मंदाकिनीचा तुकडा दाखवत असाल तर पाणी हिरवट राखाडी, मधल्या दगडांवर गोल बर्फाच्या टोप्या, आणि काठाला ग्लॉस जेलचा पातळ थर देऊन त्यावर चिमूटभर रांगोळी, गोठलेला काठ तयार.

मागच्या डोंगराला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. केदारनाथ शिखर ६,९४० मीटर आहे, देवळापासून सुमारे ३,३५० मीटर उंच, १:७२ मध्ये ते करायचं तर ४६ मीटरचा डोंगर लागेल, म्हणजे पंधरा मजली इमारत. तेव्हा मागचा डोंगर वेगळ्या, फार लहान स्केलचा आहे हे मान्य करून चालायचं, आणि त्यावर कण दिसला की तो डोंगर लगेच जवळ येऊन उभा राहतो आणि छोटा वाटायला लागतो. त्याला फक्त रंग. कागदाच्या लगद्याने किंवा चुरगळलेल्या कागदाने कडे आणि घळी करा, निळसर राखाडीने रंगवा, मग कोरड्या ब्रशवर पांढऱ्यात किंचित निळा घेऊन वरून खाली हलकेच ओढा, उंचवटे आणि कपाऱ्यांच्या वरच्या कडा तेवढ्या पांढऱ्या होतात. शुद्ध पांढरा फक्त उन्हाकडच्या धारांवर. मोठ्या सलग पांढऱ्या उतारावर एखाद्या ठिकाणी हिमस्खलनाने सरकलेला पट्टा दाखवता येतो, पण तो मध्यम उतारावर घ्या, ३० ते ४५ अंशांच्या, हिमकडे बहुतेक तिथेच सुटतात. डोंगर जितका मागे तितका फिका आणि निळसर, आणि देवळाजवळचा बर्फ त्याच्यापेक्षा उजळ आणि उबदार पांढरा राहिला पाहिजे.

प्रकाशयोजना गणपतीच्या देखाव्यात हमखास गडबडते कारण सगळीकडे पिवळ्या माळा असतात आणि पिवळ्या उजेडात कितीही चांगला बर्फ लोण्याच्या रंगाचा दिसतो. डोंगर आणि बर्फावर ६५०० केल्व्हिनचा कूल व्हाइट एलईडी, आणि पिवळा वॉर्म उजेड फक्त देवळाच्या आत, लॉजच्या खिडक्यांत आणि मूर्तीवर. निळसर बर्फात पिवळी खिडकी पेटली की थंडी आपोआप वाटते. दिवा समोरून सरळ मारू नका, त्याने सगळे उंचसखल सपाट होतात, बाजूने खालच्या कोनातून द्या. भर हिवाळा केला असेल तर हा कोन खराच आहे, डिसेंबरमध्ये तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३६ अंशांच्या आसपासच चढतो. मेच्या सुरुवातीला तो जवळजवळ डोक्यावर, ७५ अंशांपर्यंत असतो, तेव्हा दिवा वर घ्या पण थोडा बाजूलाच ठेवा.

कामाचं वेळापत्रक श्रावणाच्या सुरुवातीपासून धरा. पुट्टी, फेविकॉल, कागद सगळंच दमट हवेत सावकाश वाळतं, आणि आतून ओला राहिलेला पुठ्ठा वरून बंद केला की चतुर्थीपर्यंत बर्फावर करडे डाग येतात. आरास मांडताना समई, निरांजन आणि उदबत्ती देखाव्यापासून दोन फूट तरी लांब, आणि हळदकुंकू, गुलाल, फुलं वाहायची जागा बर्फापासून वेगळी, मधे एक पाट किंवा ताट ठेवा. कुंकू बर्फावर सांडलंच तर ओलं फडकं लावू नका, रंग पसरतो, मऊ कोरड्या ब्रशने उचला आणि त्या जागी थोडी रांगोळी चाळा, त्यासाठी वस्त्रगाळ रांगोळीची एक डबी बाजूला ठेवूनच द्या.

विसर्जन मूर्तीचं, देखावा घरीच ठेवायचा, पुट्टी आणि रंग पाण्यात जायला नकोत. मऊ ब्रशने धूळ झाडा, सुळ्या नाजूक असतात त्या भागावर पुठ्ठ्याचं टोपण करून ठेवा, आणि मोठ्या खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह माळ्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा अडकते. पुढच्या वर्षी काढल्यावर फक्त वरचा एक पातळ थर नव्याने चाळायचा, आणि वाटल्यास काळ बदलायचा, त्याच बेसवर वाट बुजवून दरवाजा बंद केला की भर हिवाळा होतो.